सोनं मोडता येतं, खडा नाही

दिवाळी आटोपली, रब्बीची पेरणी उरकली की नांदेड-लातूरकडच्या कृषी सेवा केंद्रवाल्यांच्या सहली निघतात. खताच्या नाहीतर बियाण्याच्या कंपनीचं टार्गेट पूर्ण झालेलं असतं आणि बँकॉक-पटाया, दुबई किंवा कोलंबोचं तिकीट हातात पडतं. बौद्ध उपासक-उपासिकांचे जथे अनुराधापूर आणि कँडी करायला श्रीलंकेला जातात, कोणी उमऱ्याला निघतं, कोणी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला. हैदराबादचं किंवा मुंबईचं विमानतळ गाठेपर्यंत बॅगेत चिवडा-लाडू असतात. परतताना बऱ्याच जणांच्या खिशात कागदाची एक पुडी असते आणि पुडीत खडा. माणिक, पुष्कराज, नीलम, गोमेद. ती पुडी घेण्याआधी काय बघावं, काय विचारावं आणि कुठं उठून यावं, एवढंच इथं सांगायचं आहे.

सुरुवात आपल्याच सवयीपासून करावी लागेल. आपल्या भागात पैसा साठवायची रीत सोन्याची. सोयाबीनची पट्टी हातात आली की लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी सराफांच्या ओळीकडे जायचं, नाहीतर नांदेडचा सराफा गाठायचा, तोळा-दोन तोळे करून ठेवायचे आणि मुलाच्या ॲडमिशनला किंवा नापिकीच्या वर्षी ते मोडायचे. ही रीत शहाणपणाची आहे. सोन्याला रोजचा जाहीर भाव असतो, दागिन्यावर हॉलमार्क असतो, सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो आणि एका दुकानात घेतलेलं दुसऱ्या दुकानात खपतं.

खड्याला यातलं काहीच लागू नाही. घरातली जुनी खड्याची अंगठी मोडायला घेऊन जा. सराफ आधी चिमट्याने कोंदणाचे काटे उचलून खडा बाहेर काढतो, मग सोनं काट्यावर ठेवतो, घट धरतो आणि उरलेल्या सोन्याचे पैसे मोजतो. खडा पुडीत बांधून तुमच्या हातात परत देतो. यात तो तुम्हाला नाडत नाही. एकाच वजनाची, एकाच लाल रंगाची दोन माणकं असतात. एक कॅरेटला काही शे रुपयांचं, दुसरं काही लाखांचं. हा फरक सांगायला प्रयोगशाळा लागते आणि विकत घ्यायला तेवढंच दर्दी गिऱ्हाईक लागतं. दोन्ही त्याच्या दुकानात नाहीत. म्हणून परदेशात कोणी ‘इथं घ्या, गावाकडं दुपटीने जाईल’ असं म्हणालं की बोलणं तिथंच थांबवावं. गुंतवणूक म्हणून रत्नं घेणारे लोक जगात आहेत, पण ते आठ दिवसांच्या सहलीत खरेदी करत नाहीत. आपण हौसेसाठी घ्यावा, श्रद्धा असेल तर श्रद्धेसाठी घ्यावा, आणि गेलेले पैसे पुन्हा येणार नाहीत हे गृहीत धरून घ्यावा. हे एकदा मनाशी पक्कं झालं की निम्मी फसवणूक आपोआप टळते, कारण तिचा सगळा जोर नफ्याच्या लोभावर असतो.

आता थायलंडची तऱ्हा बघा. सहलीच्या कार्यक्रमात ‘जेम्स गॅलरी’ किंवा ‘रत्न कारखाना भेट’ अशी एक ओळ असते. बस मोठ्या इमारतीसमोर थांबते. आत छोट्या गाडीत बसवून अंधाऱ्या बोगद्यातून फिरवतात, पुतळे, दिवे, ज्वालामुखी, खाणकामगार दाखवतात. मग कारागीर खडे घासताना दिसतात. हे खरंच बघण्यासारखं असतं. त्यानंतरचं दार थेट विक्रीच्या दालनात उघडतं आणि तिथून बाहेर जायची वाट लांब असते. समोर येणारा विक्रेता हिंदी बोलतो, नाव विचारतो, ताईंना खुर्ची देतो, सरबत मागवतो. पहिला भाव ऐकून तुम्ही उठलात की निम्मा होतो, दारापर्यंत गेलात की त्याच्याही खाली येतो. निम्मा झाला म्हणून तो स्वस्त झाला असं होत नाही, मुळात किती फुगवला होता एवढंच त्यातून कळतं. गाइडला अशा दुकानांतून कमिशन मिळतं ही जगभरची पद्धत आहे. गाइड माणूस चांगला असेल, दोन दिवस त्याने जिवाभावाने सांभाळलं असेल, तरी त्या दालनात त्याचा सल्ला घेऊ नये. गटातल्या गटातही संकोच होतो. एकाने घेतलं की दुसऱ्याला वाटतं आपण मागं राहिलो. अशा वेळी सोबतच्या थोरल्या माणसाने ‘आपण नुसतं बघायला आलोय’ असं मोकळेपणाने म्हटलं तर बाकीच्यांची सुटका होते.

बँकॉकच्या रस्त्यावरचा प्रकार याहून वाईट. राजवाडा बघायला निघालेल्या माणसाला एखादा नीटनेटका गृहस्थ गाठतो आणि सांगतो, ‘आज राजवाडा बंद आहे.’ मग टुकटुकवाल्याला हाक मारून नाममात्र भाड्यात दोन देवळं दाखवायची सोय करून देतो. देवळात आणखी एक सद्गृहस्थ ‘योगायोगाने’ भेटतो आणि सरकारी दुकानात आजच्या दिवसापुरती करमाफी असल्याचं सांगतो. राजवाडा उघडा असतो, आणि असा एका दिवसाचा सरकारी रत्नसेल थायलंडमध्ये नसतो. त्या दुकानात खडा प्लास्टिकमध्ये सीलबंद करून देतात आणि बजावतात की सील फोडलं तर हमी संपेल. म्हणजे तो कोणाला दाखवायचाच नाही. एक नियम ठेवा: न उघडता घ्यायला लावलेली कोणतीही वस्तू घेऊ नका. टुकटुक भलतीकडे वळली तर उतरा. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, तो मोबाइलमध्ये घालून ठेवा.

श्रीलंकेची गोष्ट वेगळी, कारण तिथं खडे खरोखर जमिनीतून निघतात. रत्नपुरा भागातल्या खाणींतून नीलम, पुष्कराज, गोमेद, वैडूर्य येतात. मीटियागोडाजवळ चंद्रकांत मणी, म्हणजे मूनस्टोन मिळतो. पण त्याच दुकानात पाचू आणि हिराही मांडलेला असतो, आणि विक्रेता ‘सगळं आमच्याच देशातलं’ म्हणतो. श्रीलंकेत पाचूच्या आणि हिऱ्याच्या खाणी नाहीत. बाजारातला पाचू प्रामुख्याने कोलंबिया आणि झांबियाचा असतो. परदेशातून आणलेला पाचू दुसऱ्या परदेशात महागात घेण्यात काय हशील? तसंच थायलंडचं. चांथाबुरीकडच्या जुन्या माणकाच्या खाणी बऱ्याचशा संपल्या आहेत. आता तिथं मोझांबिक आणि मादागास्करचा माल पैलू पाडून विकला जातो. त्यामुळे ‘अस्सल बर्मी’, ‘अस्सल सयामी’ असं ऐकलं की मूळ ठिकाणाचा उल्लेख प्रयोगशाळेच्या अहवालात आहे का ते विचारा. तोंडी सांगितलेल्या खाणीचे जास्त पैसे देऊ नका.

खऱ्या खड्यावर केलेली प्रक्रिया हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि दुकानात त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. बाजारातले बहुतेक नीलम आणि पुष्कराज भट्टीत तापवलेले असतात. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधट दगड मिळतात. एके काळी त्यांना किंमतच नव्हती. १९७०च्या दशकात थाई व्यापाऱ्यांनी ते उचलून जास्त उष्णतेत तापवले आणि त्यातून गडद निळे नीलम तयार झाले. नुसतं तापवणं ही मान्य पद्धत आहे, रंग टिकतो, फक्त तसं सांगून विकायला हवं. न तापवलेल्या खड्याची किंमत बरीच जास्त असते. दुसरा प्रकार रंग आत मुरवण्याचा. बेरिलियमसारखं मूलद्रव्य उष्णतेने आत घुसवून फिकट खड्याला पिवळा किंवा नारिंगी रंग आणतात. पुष्कराज घेताना हे ध्यानात ठेवा. तिसरा प्रकार सर्वांत घातक, तो माणकाचा. चिरांनी भरलेला, कवडीमोल दगड घेऊन त्या चिरांत शिशाची काच वितळवून भरतात. वरून तो पाणीदार, लालबुंद दिसतो. ‘नॅचरल रुबी’ असं त्यावर लिहिलं तर ते अर्धं खरं असतं, कारण दगड माणकाचाच असतो. हा खडा घेऊन तुम्ही गावच्या सोनाराकडे गेलात आणि त्याने अंगठी जोडताना ज्योत लावली, की काच उकळून बाहेर येते आणि खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं उठतं. लिंबाच्या रसानेही ही काच खराब होते. मग सोनार आणि गिऱ्हाईक यांच्यात भांडण लागतं, दोष मात्र हजारो मैलांवरच्या दुकानाचा असतो. पाचूत तेल किंवा राळ भरलेली असते. तेल चालतं, पण ते किती आहे हे कळायला हवं.

‘आमच्या आजीची आहे, शंभर वर्षांपूर्वीची, म्हणजे खरीच असणार’ असं आपण म्हणतो. कृत्रिम माणिक बनवण्याची भट्टी एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ सालीच जाहीर केली होती. म्हणून जुनेपणा हा खरेपणाचा पुरावा नाही. तेव्हापासूनचे कृत्रिम खडे रंगाने आणि कठीणपणाने हुबेहूब असतात. काचेवर ओरखडा काढून दाखवणं, पाण्यात टाकून दाखवणं, दुधाला रंग चढतो का ते बघणं, या परीक्षांनी काही सिद्ध होत नाही. हिऱ्याच्या बाबतीत ‘टॅक’ करून वाजणारं छोटं यंत्र लावून दाखवतात. हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉयसनाइटवरही ते वाजू शकतं, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर तर वाजणारच, कारण तोही हिराच आहे. परदेशात हिरा घ्यायचा मोह मात्र टाळावा. जगातले बहुसंख्य हिरे आपल्याच सुरतेत पैलू पाडून बाहेर जातात.

तुम्ही स्वतः करू शकता अशा चार गोष्टी आहेत. खडा दुकानाच्या झगझगीत दिव्याखालून काढून दाराशी, दिवसाच्या उजेडात बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग मागा आणि आत बघा: गोल गोल बुडबुडे दिसले तर काच असण्याचा संशय घ्या, माणिक हलवताना निळी-नारिंगी चमक सरकताना दिसली तर चिरांत काच भरलेली असण्याचा. कडेने बघा, दोन तुकडे चिकटवल्याची रेघ आहे का. आणि बंद कोंदणातला, मागून सोन्याने झाकलेला खडा घेऊ नका, मागं काय लपवलंय ते दिसत नाही. या तपासण्यांतून नकली माल ओळखू येईल. खरेपणाची खात्री मात्र पटणार नाही.

आपल्याकडे खडे घेणारे बरेच जण राशीसाठी घेतात. ज्योतिषी चिठ्ठीवर ‘सव्वापाच रत्ती पुष्कराज’ लिहून देतात आणि परदेशात चुलतभावाला फोन जातो, ‘तिकडं स्वस्त मिळतो म्हणे, घेऊन ये.’ श्रद्धेबद्दल मला इथं काही म्हणायचं नाही, पण त्या रत्तीबद्दल जरूर म्हणायचं आहे. जुन्या मापात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची, आणि मूळची रत्ती तीच. राशीच्या खड्यांच्या बाजारात मात्र जी रत्ती चालते ती सुमारे ०.१८ ग्रॅमची. पहिल्या हिशेबाने सव्वापाच रत्ती म्हणजे साधारण ३.२ कॅरेट, दुसऱ्या हिशेबाने जवळजवळ ४.८ कॅरेट. दीडपट फरक. शिवाय चांगल्या खड्यात वजन वाढलं की दर कॅरेटचा भावही वाढतो, त्यामुळे रकमेतला फरक दीडपटीच्याही पुढं जातो. जगात कुठंही वजन कॅरेटमध्येच मागा, कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्यांकडूनही कॅरेटमध्येच लिहून घ्या. पुष्कराज म्हणून सुनेला (सिट्रीन) किंवा पिवळा टोपाझ, नीलम म्हणून आयोलाइट गळ्यात पडतं, तेव्हा बिलावर खड्याचं नेमकं नाव लिहिलेलं असणं फार कामाला येतं. पुष्कराजासाठी ‘यलो सफायर’ हेच शब्द हवेत.

मक्का-मदिनेहून येताना अकीक आणि फिरोजाच्या अंगठ्या भेटीसाठी आणल्या जातात. त्यांचा भाव हौसेपुरता असेल तर काळजी नाही, फक्त ‘यमनी’ म्हणून चढी किंमत देऊ नका. अकीक रंगवता येतो आणि फार पूर्वीपासून रंगवला जातो. खरं तर हा दगड आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातच सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून ऑनिक्स हा अकीकाच्याच जातीचा दगड आणि तगरहून, म्हणजे लातूरच्या शेजारच्या आजच्या तेरहून, कापड भडोच बंदराकडे गाड्यांतून जात असल्याची नोंद आहे. आपल्याच मुलखातून रोमपर्यंत गेलेल्या जातीचा खडा दूरदेशीचा दुर्मीळ माल समजून घ्यायची गरज नाही.

मोत्यांसाठी परदेशाची वाट धरूच नका, हैदराबाद जवळ आहे. तिथंही आता मिळणारे मोती बहुतांशी चीनमधल्या गोड्या पाण्यातले, संवर्धित असतात. त्यात वाईट काही नाही, पण ‘बसऱ्याचा’, म्हणजे नैसर्गिक मोती, म्हणून कोणी देत असेल तर क्ष-किरण तपासणीचा अहवाल मागा. दाताच्या कडेवर हलकेच घासून खरखर जाणवली तर प्लास्टिक-काच नाही एवढं कळतं. नैसर्गिक की संवर्धित, हे त्यातून कळत नाही.

नांदेडला गोदाकाठी नगीना घाट आणि हिरा घाट अशी दोन गुरुद्वारं आहेत. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला होते, त्या काळाशी दोन्ही ठिकाणांच्या कथा जोडलेल्या आहेत. हिरा घाटावर बहादूरशहाने दिलेला हिरा गुरूंनी नदीत टाकला असं सांगतात. नगीना घाटाची कथा अशी की एका भक्ताने मौल्यवान खडा अर्पण केला, गुरूंनी तो गोदावरीत टाकला, भक्त खट्टू झाला, तेव्हा गुरू म्हणाले, जा, तुझा खडा शोधून आण. पाण्यात बघतो तर खड्यांचे ढीग, आणि त्यातला आपला कोणता हे त्याला ओळखता येईना. कथेचा अर्थ विरक्तीचा आहे, तो आपल्या जागी थोर आहे. पण खडा घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावं, माझा खडा दुसऱ्या दहा खड्यांत मिसळला तर मला ओळखता येईल का? येणार नाही. म्हणून पैसे देण्याआधी तुमच्या समोर त्याचं वजन कॅरेटच्या दोन दशांशांपर्यंत करून घ्या, लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, वरून आणि बाजूने फोटो काढा. ‘अंगठीत बसवून हॉटेलवर पाठवतो’, ‘कुरिअर करतो’ हे मान्य करू नका. दाखवलेला खडा आणि पोचलेला खडा यांत बदल व्हायला एवढी संधी पुरते. गावी आल्यावर सोनाराला देतानाही तीच मापं पावतीवर घाला. आपला सोनार घरचा असला तरी घाला, त्यात त्याचाही बचाव आहे.

दुकानाने दिलेलं रंगीत, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. थायलंडमध्ये जीआयटी ही रत्नसंस्था आहे, बँकॉकमध्ये जीआयएची प्रयोगशाळा आहे, कोलंबोत नॅशनल जेम अँड ज्वेलरी अथॉरिटीकडे तपासणीची सोय आहे. खडा महाग असेल तर दुकानदाराला सांगा, ‘आधी तिथं तपासू, मग पैसे देतो.’ प्रामाणिक व्यापारी याला तयार होतो. अहवाल तयारच असेल तर त्याचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि वजन-मापं समोरच्या खड्याशी ताडून घ्या, कारण अहवाल खरा आणि खडा दुसराच, असंही घडतं. अहवालात वरचं मोठं अक्षर वाचून थांबू नका. खाली ‘कमेंट्स’ किंवा ‘ट्रीटमेंट’ अशी ओळ असते. तापवल्याच्या खुणा, काच किंवा राळ भरल्याचा उल्लेख तिथं असतो. किंमत मात्र हे अहवाल सांगत नाहीत. परत आल्यावर शंका राहिली तर मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जीआयए, आयजीआय आहेत, जयपूरला रत्न-आभूषण निर्यात परिषदेने उभी केलेली प्रयोगशाळा आहे. सोनाराच्या हाती देण्याआधीच तपासा.

बिल छापील हवं: दुकानाचा पत्ता, खड्याचं नाव, नैसर्गिक की कृत्रिम, कोणती प्रक्रिया, वजन, दर, आणि परत घेण्याची अट लिखित. पैसे रोख देऊ नका, क्रेडिट कार्डाने द्या. मशीनवर ‘रुपयांत की बाथमध्ये’ असा प्रश्न आला तर तिथलं चलन निवडा, रुपये निवडले तर विनिमयाचा दर बहुधा महाग पडतो.

कस्टम्सबद्दल बरेच गैरसमज आहेत. दागिन्यांची जी सवलत, पुरुषांना २० ग्रॅम आणि स्त्रियांना ४० ग्रॅम, ती वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठ दिवसांच्या सहलीवाल्यांसाठी नाही. रकमेच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्याआधी सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा, खरेदी मर्यादेबाहेर गेली असेल तर रेड चॅनलने जा आणि बिल दाखवा. खोटं, कमी रकमेचं बिल करून घेऊ नका. खडा सदोष निघाला तर तेच बिल तुमच्या विरोधात जातं. दुसऱ्याने दिलेली पुडी ‘मुंबईत आमचा माणूस घेईल’ म्हणून आणू नका, ओळखीचा असला तरी. आणि लेकीकडे जाताना अंगावर पाटल्या, जडावाचा हार असेल तर जाताना विमानतळावरच कस्टम्सकडून त्याचा दाखला करून घ्या, म्हणजे परतताना तो परदेशातून आणल्याचा प्रश्न उठत नाही.

फसलात तर गप्प बसू नका. कार्डाने पैसे दिले असतील तर लगेच बँकेला लेखी कळवा आणि प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. व्यवहाराला आव्हान देण्याची मुदत कमी असते. परदेशातल्या दुकानाला लातूरच्या ग्राहक आयोगापुढं उभं करणं प्रत्यक्षात जमत नाही. पण खडा जयपूर, हैदराबाद, मुंबईत किंवा एखाद्या भारतीय विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, नांदेडला किंवा लातूरला, तक्रार करता येते. दुकान दुसऱ्या राज्यात आहे म्हणून हेलपाटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून मार्ग विचारता येतो. जाताना बिल, अहवाल, फोटो आणि दुकानदाराशी झालेले संदेश सोबत ठेवा.